स्वयंपाकघरातली खाण

सूप उकळायला आलं होतं. कासिमीराने मिठासाठी हात मागे केला आणि तेवढ्यात चूल खाली गेली.

आवाज फारसा झालाच नाही. चूल, चुलीवरचं मोठं पातेलं, शेजारची लामाच्या लेंड्यांची टोपली, निखाऱ्यांत तापत ठेवलेले दगड, सगळं मिळून खाणीच्या पाळण्यात बसल्यासारखं शांतपणे खाली उतरलं. चुलीच्या जागी एक काळं भोक राहिलं आणि त्यातून धुळीचा लोट वर आला. कासिमीराच्या चिमटीत मीठ तसंच होतं.

बेनिताने आईला दंडाला धरून मागे ओढलं. बाहेरच्या खोलीत बसलेले तिघे पुरुष धावत आत आले. कासिमीराचा नवरा फोर्तुनातो याला जाऊन वर्ष झालं होतं. सकाळी खाली पोतोसी शहरात, चर्चमध्ये, त्याच्या नावाची मिसा झाली होती, आणि आता डोंगरावरच्या या एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्याच घरात जेवण व्हायचं होतं. थोरला मुलगा इलारिओन खाणीतून सुटल्यावर आंघोळ करून आला होता. धाकटा वाल्तेर शहरातून मिनीबस घेऊन आला होता. आणि त्यांचा काका, म्हणजे कासिमीराचा दीर नेमेसिओ, तो खाणकामगारांच्या सहकारी संस्थेचा विभागप्रमुख असल्यामुळे आला होता की भाऊ असल्यामुळे, हे वर्षभरात कुणाला नीट कळलेलं नव्हतं.

पाचही जण भोकाकडे बघत उभे राहिले.

"वर कोण आहे?" खालून आवाज आला.

"सेवेरो!" इलारिओनने आवाज ओळखला. त्याच्याच टोळीतला गडी. टोळी खालच्या बोगद्यात गालात कोकाची पानं धरून टेकली होती. "लागलं का रे कुणाला?"

"माझ्या बुटावर सांडलंय थोडं. पातेलं मात्र सरळ उभं उतरलं." खाली फुरका मारल्याचा आवाज आला. मग सेवेरो म्हणाला, "कलापुर्का आहे का, तापल्या दगडाचं सूप?"

"हो!"

"मीठ कमी आहे."

"घालतच होते ना मी!" कासिमीरा भोकात तोंड घालून ओरडली, आणि चिमटीतलं मीठ खाली सोडून दिलं.

खरं तर या डोंगरावर कुणाचं ना कुणाचं काहीतरी खाली जायचंच. चारशे-पाचशे वर्षं पोखरलेला डोंगर. दुपारी सुरुंग उडाले की कासिमीराच्या फळीवरचे पेले एकमेकांवर वाजायचे, आणि पेले वाजले नाहीत तर आज सुट्टी आहे असं तिला समजायचं. शेजारणीची कोंबडी गेली होती, मग संडास गेला होता. चूल जाणं म्हणजे फार तर पुढची पायरी. ती आता सूप परत वर कसं घ्यायचं याचा विचार करत होती. इतक्यात वाल्तेरने मोबाइलची बॅटरी लावली आणि भोकाच्या कडेवर धरली.

जमिनीपासून हातभर खाली, दगडाच्या भिंतीत, एक राखाडी पट्टा तिरका गेला होता. वीतभर रुंद. उजेड हलला की तो मधूनमधून चमकायचा.

 फोर्तुनातोने चांदीची जी शीर शोधत डोंगराच्या पोटात जन्म काढला आणि छातीत दगडाची भुकटी भरून घेतली, ती त्याच्या बायकोच्या चुलीखाली होती.

नेमेसिओने मिसेसाठी घातलेली काळी हॅट काढली. खुंटीवरचं भावाचं जुनं शिरस्त्राण घेऊन ते डोक्यावर चढवलं आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही बाहेर व्हा."

"का?"

"ही खाण आहे."

"हे माझं स्वयंपाकघर आहे."

"होतं," नेमेसिओ म्हणाला. "आता खाण लागली. आणि खाणीत बाई आली की धरणीमाय रुसते, शीर पळून जाते. तुम्हाला मी सांगायला पाहिजे का? बेनिता, तू पण. चल."

दोघी उंबरठ्याच्या बाहेर, बसायच्या-झोपायच्या खोलीत आल्या. बेनिताची आठ वर्षांची लुस तिथे गादीवर बसून पाटीवर बेरजा करत होती. कासिमीरा गादीच्या कडेला टेकली. आपल्याच घरातून आपल्याला हाकललं आहे, आणि तेही अदबीने, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

*

वाल्तेर हिशेबी माणूस होता. मिनीबस चालवणाऱ्याला प्रत्येक वळणावर दोन गोष्टींचा अंदाज बांधावा लागतो, रस्त्याचा आणि प्रवाशांचा. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तो दोन्ही बांधत होता.

"काका, घर आईचं आहे. तेव्हा शिरेत आमचा वाटा," त्याने सुरुवात केली.

"घर संस्थेचं आहे," नेमेसिओ म्हणाला. "खाणीच्या तोंडाशी राखण ठेवायला संस्थेने दिलेलं. फोर्तुनातो गेल्यावर वहिनींना विधवा म्हणून राहू दिलं, ही संस्थेची माणुसकी."

"राखण आई करते म्हणून तुमची हत्यारं जाग्यावर आहेत," इलारिओन म्हणाला. "अकरा वर्षांत एक घण चोरीला गेला नाही. वाल्तेर बरोबर बोलतोय."

भाऊ भावाच्या बाजूला उभा राहिला, म्हणजे अक्षरशः भोकाला वळसा घालून पलीकडे गेला. या दोघांचं बापाच्या दफनापासून धड बोलणं नव्हतं, त्यामुळे वाल्तेरला भरून आलं. ते फार वेळ टिकलं नाही.

"इलारिओन," नेमेसिओ सावकाश म्हणाला, "या भोकाला टोळीप्रमुख लागेल. इतकी वर्षं तू दुसऱ्याच्या हाताखाली मजुरी केलीस. मी उद्याच तुझं नाव घालतो."

इलारिओन खोकला. बापाचाच खोकला होता तो. सुरू झाला की खोलीतले सगळे आपोआप थांबायचे. संपल्यावर त्याने तोंड पुसलं, आणि भोकाला उलटा वळसा घालून काकाच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"दादा!" वाल्तेर म्हणाला.

"तुला काय होतंय बोलायला? तू वर येतोस ते श्राद्धाला नाहीतर लग्नाला. मला एकदा, मरायच्या आधी एकदा, स्वतःची शीर खोदू दे."

 वाल्तेरने मग दुसरं वळण घेतलं. "ठीक आहे. संस्था नुकसानभरपाई देणार असेल तर आईला मी खाली शहरात नेतो. जागा आहे माझ्याकडे."

 प्रत्यक्षात त्याच्याकडे एक खोली होती. त्यात तो, रोक्साना, दोन पोरं आणि मिनीबसचा एक सुटा गिअरबॉक्स राहत होते. रोक्साना आणि आई एका छपराखाली आल्या तर डोंगर बरा म्हणायची वेळ येईल. पण आई काही यायची नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो आणखी मोठ्याने म्हणाला, "भरपूर जागा आहे!"

उंबरठ्याच्या बाहेर बेनिताने मान वर केली.

मग पुरुषांनी सगळ्यात आधी तिओ बसवायचं ठरवलं. तिओ म्हणजे काका. पण खाणीतला, शिंगांचा देव, डोंगराच्या पोटातल्या सगळ्या धातूचा मालक. तो नसेल तर खाण ही खाण नाही. भोकातली माती काढली, वाल्तेरने तीत बादलीतलं पिण्याचं पाणी ओतलं आणि इलारिओनने ती मळली. शिंगांच्या जागी लांब मिरच्या खोचल्या, डोळ्यांना दोन बाटल्यांची झाकणं लावली, आणि मूर्ती कासिमीराच्या पिठाच्या डब्यावर बसवली. नेमेसिओने तिच्या तोंडात स्वतःची सिगरेट दिली.

"आता स्वयंपाकघरात दोन काका," बेनिता दारातून म्हणाली. "एक शिंगांचा, एक बिनशिंगांचा. पीठ दोघांच्याही बुडाखाली."

"थट्टा करू नकोस इथे," नेमेसिओ म्हणाला. "खाणीच्या तोंडाशी उभी आहेस."

*

दुपार कलली तशी पुरुषांना भूक लागली. सूप खालच्या टोळीने संपवलं होतं. पातेलं सुद्धा दोरीने वर चढवून दिलं होतं, घासूनपुसून, आणि पुरुषांनी ते कोपऱ्यात तीन दगडांच्या चुलीवर ठेवलं होतं. सुकवलेल्या बटाट्यांची, चुन्योची, गोणी आत होती. स्वयंपाक येणाऱ्या दोघी बाहेर होत्या.

"वहिनी," भिंतीपलीकडून नेमेसिओचा आवाज आला, "चुन्यो किती वेळ उकळायचा?"

"भिजवलाय का?"

आत कुजबुज झाली. "भिजवायचा असतो?"

"आदल्या रात्रीपासून."

पुन्हा कुजबुज. मग इलारिओन म्हणाला, "आई, ब्रेड आहे का कुठे?"

"आहे. आतच आहे. फळीवर. पण मी खाणीत बोट कसं दाखवू?"

बेनिता खिन्नपणे हसली. ती सकाळपासून हे सगळं बघत होती आणि तिला एकच गोष्ट विचारायची होती. अखेर तिने विचारलीच. "काका, अकरा वर्षं आई त्या शिरेवर उभी राहून बटाटे सोलत होती. मी तिथेच लुसला आंघोळ घातली. तेव्हा नाही पळाली तुमची शीर?"

नेमेसिओ उंबरठ्यापाशी आला. तो मूर्ख नव्हता. त्याने खरोखर विचार केला, दाढी खाजवली. "तेव्हा ती शीर नव्हती," तो म्हणाला. "जमीन होती."

"मग शीर कधी झाली?"

"आम्ही बघितल्यावर."

"आणि आम्ही झोपायचं कुठे?"

याचं उत्तर मात्र त्याने तयार ठेवलेलं दिसत होतं. ही खोली आता सुरुंग आणि हत्यारं ठेवायला लागेल. सोमवारपर्यंत मोकळी करा. जुन्या तोंडातून काम बंद होणार, म्हणजे तिथे राखणही नको. नव्या तोंडाची राखण पुरुष करेल, कारण ते आत आहे. वाल्तेर आईला शहरात नेणारच आहे. बेनिताचा विचार संस्था करेल.

"कधी?"

"बैठकीत."

बेनिताने बाहेर बघितलं. पठारावरून गारठ्याचा पांढरा पडदा सरकत येत होता. छपरावरचे पत्रे दगडांखाली फडफडत होते. लुसने बेरजा संपवून पाटी पालथी घातली होती आणि ती आजीच्या शालीत शिरली होती. दररोज सकाळी बेनिता बाहेरच्या ढिगाऱ्यावर बसून हातोडीने टाकाऊ दगड फोडायची, त्यातून हाताला लागेल ते चिमूटभर विकायची. लुसचे हातही आता त्याच वळणावर जायला लागले होते. परवा तिने खेळता खेळता धातूचा दगड नुसत्या वजनाने ओळखला होता, आणि बेनिताला अभिमान वाटायच्या ऐवजी भीती वाटली होती.

"दादा," ती म्हणाली, "तू तरी काही बोल."

 आतून इलारिओनच्या घणाचा आवाज आला. त्याने खोदायला सुरुवात केली होती.

तेव्हा कासिमीरा उठली.

तिने लुसला शालीतून बाहेर काढलं, शाल नीट खांद्यावर घेतली, सात पदरी घागरा दोन्ही हातांनी वर धरला आणि उंबरठ्याशी जाऊन उभी राहिली. मग उजवा पाय उचलला आणि आत, स्वयंपाकघराच्या हवेत, धरला. खाली टेकवला नाही.

घण थांबला.

"वहिनी!" नेमेसिओ किंचाळला.

"टाकू का पाऊल?"

"नको!"

"मग ऐका. या डोंगराच्या पक्क्या अंगाला, जिथे खाली पोकळ नाही तिथे, एक खोली. मातीच्या विटांची. वर नवे पत्रे, जुने गंजके नकोत. पाण्याचं पिंप. आणि राखणीचं काम माझंच राहील, जुनं तोंड असो की नवं. खोली दोन बायका आणि एक पोर यांना पुरेल एवढी."

"वहिनी, हे बैठकीत ठेवावं लागेल..."

कासिमीराने पाय वीतभर खाली आणला.

"थांबा! थांबा!" नेमेसिओने दोन्ही हात पसरले. "विटा कुठून आणू मी?"

"दीरसाहेब, तुमच्या घराचा वरचा मजला होतोय ना? त्याच्या विटा अंगणात रचल्यात. येता-जाता बघते मी."

नेमेसिओचा चेहरा पडला. त्याने इलारिओनकडे बघितलं, आणि इलारिओन हातातला घण बघत बसला. साठी उलटलेली बाई एका पायावर. पाय थरथरायला लागला. थरथरला की आत तिघेही श्वास धरायचे. बेनिताने मागून आईच्या कमरेला विळखा घातला.

"ही फसवणूक आहे," नेमेसिओ म्हणाला. "तिला धरायचं नाही!"

"का? मी बाहेर उभी आहे," बेनिता म्हणाली.

वाल्तेर एकदम भोकाजवळून निघाला, उंबरठा ओलांडून बाहेर आला आणि त्याने आईची दुसरी बाजू धरली. भरपाईत आपला वाटा असेल का हा विचार तेव्हाही त्याच्या मनात होता. पण आईचं वजन हातावर आलं तेव्हा ते इतकं कमी होतं की त्याला वाटा-बिटा काही सुचेना.

राहिला इलारिओन. तो आत होता, आणि आईचा पाय त्याच्याच समोर हवेत. फाटका बूट, त्यात कागद कोंबलेला. तो उठला, कोपऱ्यातलं बटाटे सोलायचं बुटकं स्टूल घेतलं आणि तिच्या पायाखाली सरकवलं.

"टेक आई. दुखेल."

"अरे, काय करतोस!" नेमेसिओ ओरडला. "तो पाय खाणीत आला!"

"स्टूल खाणीत आहे. पाय स्टुलावर आहे."

"स्टूल खाणीतलं, म्हणजे खाण!"

"स्टूल घरातलं आहे काका. सकाळपासून इथेच होतं, शीर सापडायच्या आधीपासून."

यावर दोघांचा बराच वाद झाला. खालून सेवेरोनेही मत दिलं की लाकूड दगडात धरता येत नाही. कासिमीरा तोवर स्टुलावर पाय ठेवून आरामात उभी होती. शेवटी नेमेसिओ थकला. त्याने शिरस्त्राण काढलं आणि डब्यावर बसलेल्या तिओसमोर उभं राहून, त्याच्या तोंडातल्या विझलेल्या सिगरेटला पुन्हा काडी लावून, शपथ घेतली. खोली, पत्रे, पिंप, काम. तिओला दिलेला शब्द मोडणारा माणूस डोंगरातून बाहेर येत नाही, हे भोकाखालच्या पोरांनाही माहीत होतं.

कासिमीराने पाय मागे घेतला. मग मात्र ती गादीवर जी बसली ती लवकर उठू शकली नाही.

*

सोमवारी नेमेसिओच्या वरच्या मजल्याच्या विटा वाल्तेरच्या मिनीबसमधून आल्या, सीटवर सीटबेल्ट लावलेल्या. भिंती चढायला लागल्या.

शीर बुधवारी संपली. इलारिओनची टोळी हातभर आत गेली आणि पट्टा निमुळता होत होत दोऱ्याएवढा झाला, मग साधा दगड. चार गोण्या माल निघाला. त्यात जस्त होतं, चांदी नव्हतीच म्हटलं तरी चालेल. नेमेसिओ तडक बांधकामावर आला.

"वहिनी, खरं सांगा. पाऊल टेकवलंत का?"

"तुमच्यासमोर तर होते."

"स्टूल," नेमेसिओ पुटपुटला. "मी म्हटलं होतं." पण शपथ ही शपथ. तो बाह्या सरसावून चिखल कालवायला बसला, आणि दर विटेमागे एक उसासा टाकत राहिला.

इलारिओनही आला. टोळीप्रमुख म्हणून त्याचं नाव फळ्यावर अजून तसंच होतं, खाली खोदायला काही नव्हतं एवढंच.  वीट उचलायची, खोकायचं, वीट ठेवायची. कासिमीराने त्याला पाणी दिलं.

गुरुवारी दुपारी बेनिता गाठोडं घेऊन आली. लुसच्या पाठीला दप्तर होतं.

"आई, आम्ही वाल्तेरबरोबर खाली चाललो."

वाल्तेर मिनीबसखाली पाना घेऊन झोपला होता. पाना हातातून पडल्याचा आवाज आला. तो बाहेर आला. "म्हणजे? कुठे?"

"तुझ्याकडे. भरपूर जागा आहे म्हणालास ना. काकांसमोर, दादासमोर. तिओसमोर."

"ताई, ते मी आईला..."

"आई येत नाही. मग जागा रिकामीच. लुसला शाळेत घालायचंय. मी कुठेतरी भांडी घासेन. रोक्सानाशी मी कालच बोलले, मोबाइलवर. ती म्हणाली, गिअरबॉक्स बाहेर जात असेल तर ये."

वाल्तेर पाना शोधायला पुन्हा मिनीबसखाली शिरला. नेमेसिओ चिखलात हात घालून बसल्या बसल्या त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसला.

कासिमीरा मुलीकडे बघत राहिली. दोन बायका आणि एक पोर, असं तिने एका पायावर उभं राहून मागून घेतलं होतं. तिने लुसच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं, ते लावलेलंच होतं, म्हणून काढून पुन्हा लावलं.

"थंडी कमी असते खाली," ती म्हणाली. "जा."

"रविवारी येऊ आम्ही."

"या नाहीतर नका येऊ. जा आधी. अंधाराच्या आत पोचा."

मिनीबस वळणावळणाने उतरत गेली. धूळ बसेपर्यंत कासिमीरा तिथेच उभी होती. मग ती भिंतीकडे आली. छातीइतकी चढलेली भिंत तिने हाताने चाचपली.

"इलारिओन, पलंग एकच लागेल आता. या बाजूला विटा लावू नकोस. खिडकी कर."

"खिडकी?" नेमेसिओ म्हणाला. "वहिनी, या डोंगरावर कुणी खिडकी ठेवत नाही. गारठून मराल."

"विटा वाचतील तुमच्या."

नेमेसिओने लगेच तीन विटा उतरवल्या.

इलारिओनने चौकटीएवढी जागा सोडली. कासिमीरा त्यातून वाकली. खाली पोतोसी पसरलं होतं, लालसर छपरं, चर्चचे मनोरे, चमकणारे पत्रे. ती डोळे बारीक करून शोधत होती.

"लुसची शाळा कुठली रे?"

इलारिओनला माहीत नव्हतं. आईने मान वळवली नव्हती, वाट बघत होती. त्याने चिखलाचं बोट पुढे केलं आणि गर्दीत उठून दिसणारी एक मोठी पिवळी इमारत दाखवली.

"ती बघ. पिवळी."

ती बिअरची वखार होती. दर शनिवारी पगार झाला की तो तिच्यासमोरूनच घरी यायचा.

"मोठी आहे," कासिमीरा म्हणाली.

"मोठी आहे," इलारिओन म्हणाला.

"पोरं मावतील पुष्कळ."

नेमेसिओने मान वर करून पिवळ्या इमारतीकडे बघितलं, मग पुतण्याकडे बघितलं, आणि पुढची वीट हातात घेतली.